थरोब्रेड घोडी हिवाळाभर बाहेर : एका आक्षेपाला उत्तर

माझ्या मूळ लेखावरची तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि कळकळीने लिहिलेली आहे, त्यामुळे तिला दोन ओळींत उत्तर देणे मला बरे वाटले नाही. रेसमधून निवृत्त झालेली माझी घोडी, चांदणी, मी इंग्लंडमधल्या उत्तर यॉर्कशरमध्ये हिवाळाभर रात्रंदिवस कुरणात ठेवते, यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. थरोब्रेडची, म्हणजे रेससाठी पैदास केलेल्या जातीच्या घोड्याची, कातडी पातळ आणि केस बारीक असतात, त्याला डोंगरी तट्टासारखे उघड्यावर ठेवणे क्रूरपणाचे आहे. त्याचे पूर्वज अरबस्तान-तुर्कस्तानातले, त्यामुळे बर्फ त्याला मानवणारच नाही. आणि तबेल्याचे भाडे वाचवण्यासाठी मी या प्रकाराला ‘नैसर्गिक’ असे गोंडस नाव दिले आहे. तुमचे वडील पुण्यात रेसच्या घोड्यांच्या पागेत मोतद्दार होते आणि थंडीत प्रत्येक घोड्यावर झूल चढवल्याशिवाय ते घरी परतत नसत, हेही तुम्ही लिहिले आहे.

पहिला आक्षेप बराचसा खरा आहे आणि तो मला चांदणीच्या पहिल्याच हिवाळ्याने शिकवला. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस मी तिच्यावर जाड झूल चढवली आणि आता काळजी मिटली असे धरून चालले. रोज संध्याकाळी जाऊन पाहत होते, पण पाहत होते ती झूल. तिच्याखालची घोडी नव्हे. जानेवारीत एका कोरड्या दिवशी झूल पूर्ण उतरवली, तेव्हा पाठीचा कणा धारेसारखा वर आलेला होता, बरगड्या मोजता येत होत्या, आणि कमरेवर ओलाव्यामुळे धरलेल्या खपल्यांखाली केस चिकटून बसले होते. दोष एकट्या थंडीचा नव्हता. कुरणातली दोन तट्टे तिला वाळल्या गवताजवळ फिरकू देत नव्हती, आणि ही मोठ्या देहाची पण भित्र्या स्वभावाची घोडी लांब उभी राहून त्यांचे खाणे संपण्याची वाट पाहत होती. तेव्हापासून तीन जनावरांसाठी मी गवताचे चार ढीग लांब लांब टाकते, म्हणजे एकाने हुसकले तरी दुसरा ढीग मोकळा असतो. आणि रोज, पाऊस असो वा नसो, झुलीखाली हात घालून खांदा, बरगड्या आणि पाठ चाचपते. हिवाळी केसांत डोळा फसतो, हात फसत नाही. १९८३ साली टेक्सासमध्ये डॉन हेनेके यांनी घोड्याची अंगलट १ (अगदी हडकुळा) ते ९ (अतिलठ्ठ) गुणांत मोजण्याची जी पद्धत मांडली, तीही अशा चाचपण्यावरच उभी आहे. थंडी सुरू होताना चांदणी ६ च्या आसपास असावी, असा माझा प्रयत्न असतो.

परंतु कातडी पातळ आहे म्हणून तबेला, हा निष्कर्ष मला पटत नाही. पूर्ण वाढलेल्या, अंगावर हिवाळी केस आलेल्या, पोटभर खाल्लेल्या आणि कोरड्या घोड्याला साधारण उणे पाच अंशांच्याही खाली जाईपर्यंत ऊब टिकवण्यासाठी वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही. तोच घोडा भिजला, किंवा त्याचे केस कातरलेले असले, तर ही मर्यादा अधिक पाच अंशांच्या आसपास किंवा त्याही वर येते. थरोब्रेडच्या अंगावर चरबी कमी, म्हणून त्याच्यासाठी दोन्ही आकडे आणखी वरचे धरावेत. आता आमच्याकडची हवा पाहा. इथे कडाक्याचा बर्फ थोडे दिवस असतो. खरा हिवाळा म्हणजे तीन-चार अंश तापमान, आडवा पाऊस आणि डोंगरावरून उतरणारे वारे. चांदणीला उणे सहा अंशांच्या निरभ्र रात्री मी शांतपणे रवंथ करणाऱ्या गाईसारखी उभी पाहिली आहे, आणि चार अंशांच्या भिजक्या दुपारी थरथरताना पाहिली आहे. म्हणून मी झूल घालते ती मुख्यतः पावसासाठी. कोरड्या थंडीत घोड्याचे केस उभे राहतात आणि त्यांच्यात हवा धरली जाते. पातळ झूल त्या केसांना दाबून बसवते, आणि तिची स्वतःची ऊब पुरेशी नसेल तर झुलीविना उभ्या घोड्यापेक्षा झुलीतला घोडा जास्त गारठतो. माझ्याकडे तीन झुली आहेत : एक नुसती पाऊस अडवणारी, एक चौरस मीटरला दोनशे ग्रॅम भरावाची आणि एक तीनशेची. त्यांपैकी कोणती घालायची, हे मी पारा आणि ढग दोन्ही पाहून ठरवते. कुरणाला पश्चिमेकडून दाट कुंपण आहे आणि तीन बाजूंनी बंद असा लाकडी आडोसा आहे, तो नसता तर मी तिला बाहेर ठेवलेच नसते.

थंडीत चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, वाढवा, असे तुम्ही सुचवले आहे. घोड्याची खरी शेगडी त्याच्या मोठ्या आतड्यात असते. तिथे गवतातला चोथा आंबतो आणि त्यातून सतत ऊब निर्माण होते. धान्य बहुतांशी त्याआधी लहान आतड्यातच पचते, त्यामुळे त्यातून शक्ती मिळते पण ही ऊब त्या मानाने कमी. चांदणीचे वजन पाचशे किलो आहे. तिला एरवी दिवसाला बारा किलोच्या आसपास वाळले गवत लागते, थंडीच्या लाटेत मी ते पंधरापर्यंत नेते आणि शेवटचा ढीग झोपण्यापूर्वी टाकून येते. चंदी वाढवायचीच झाली तर थोडी थोडी आणि अनेक वेळा. पाण्याचे मात्र तुम्ही लिहिलेले नाही, आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कोरडे गवत खाणाऱ्या घोड्याने बर्फगार पाणी टाळले, तर आतड्यात गोळा अडकून पोटशूळ उठू शकतो. म्हणून सकाळी सहाला कुऱ्हाडीच्या तुंब्याने हौदावरचा बर्फ फोडते आणि शेजारी कोमट पाण्याची बादली ठेवते. ती आधी ओठांनी पाणी हलवून पाहते, मग नाकपुड्यांपर्यंत तोंड बुडवून अर्धी बादली एका दमात संपवते, आणि मान वर केल्यावर हनुवटीच्या केसांवरून थेंब गळत राहतात.

पूर्वजांबद्दल एवढेच : थरोब्रेडच्या तीन मूळपुरुष घोड्यांपैकी डार्ली अरेबियन १७०४ साली सीरियातल्या अलेप्पोहून आणला गेला तो याच यॉर्कशरमधल्या अल्डबी पार्कमध्ये, आणि दुसऱ्याचे, बायर्ली टर्कचे, अखेरचे दिवसही याच परगण्यात गेले. ते मोलाचे, जपून ठेवलेले घोडे होते, त्यामुळे माझ्या बाजूने हा पुरावा मी ओढून आणत नाही. पण घोड्याला हिवाळी केस येतात ते दिवस लहान होऊ लागले की. थंडी पडण्याच्या कितीतरी आधी, उन्हाळा मध्यावर असतानाच त्याची तयारी सुरू होते. या अक्षांशावर डिसेंबरात चार वाजता अंधार पडतो. पुण्यात दिवस इतका लहान कधीच होत नाही, आणि म्हणूनच पुण्यातल्या रेसच्या घोड्यावर हे केस असे दाटत नाहीत. तुमच्या वडिलांची झूल त्या घोड्यांसाठी अगदी योग्य होती. रोज घाम गाळणारा, तुळतुळीत केसांचा, चंदीवर पोसलेला घोडा रात्री उघडा ठेवणारा मोतद्दार चांगला मोतद्दार नव्हे. इथेही कामातल्या घोड्याचे केस कातरतात आणि त्याला आतच ठेवतात. चांदणीवर आता ना खोगीर चढते, ना तिच्याकडून कुणाला वेळेचा हिशेब हवा आहे.

राहिला पैशाचा मुद्दा. बाहेर ठेवणे स्वस्त पडते, हे मी नाकारत नाही. वाचलेल्या पैशातला मोठा वाटा गवत आणि झुलींवर जातो, पण सगळा जात नाही. तरी कारण ते नव्हते. ती माझ्याकडे आली तेव्हा तबेल्यातच होती. दाराशी उभी राहून पुढचे दोन पाय आलटून पालटून टेकत ती तासन्‌तास डोलायची, आणि दारासमोरच्या जमिनीत त्या पायांनी दोन खळगे पडले होते. धुळीने खोकायची, आणि रेसच्या घोड्यांत फार आढळणारे जठरातले व्रण तिलाही होते. घोड्याच्या जठरात आम्ल अखंड पाझरत असते, त्याला अखंड चरणेच उतारा आहे. बाहेर नेल्यानंतर डोलणे सहा आठवड्यांत थांबले. याच्या उलट बाजूही आहे, ती मी मूळ लेखात लिहायला हवी होती : शरदात सायकामोर वृक्षाची पंखवाली बी कुरणात पडते, ती खाल्ल्याने घोड्याच्या स्नायूंवर जिवावर बेतणारी विषबाधा होते. बाहेर ठेवणाऱ्याने ऑक्टोबरात रोज कुरण झाडून काढायचे किंवा तो भाग तारेने बंद करायचा. ज्याला हे जमणार नाही त्याने घोडा त्या महिन्यांत दुसरीकडे न्यावा.

शेवटी तुम्ही विचारले आहे की ती म्हातारी झाल्यावर काय. ती आता एकोणीस वर्षांची आहे आणि सप्टेंबरात दात तपासले तेव्हा मागच्या दोन दाढा चांगल्याच झिजलेल्या निघाल्या, म्हणजे लांब गवत तिला पूर्वीसारखे चावता येणार नाही. भिजवलेल्या चाऱ्याचे गोळे मी आतापासूनच सुरू केले आहेत. दर रविवारी छातीभोवती फीत लावून वजन पाहते. या हिवाळ्यात ते ४८० च्या खाली उतरले तर तिला रात्री आत घेईन. जागा पाहून ठेवली आहे, दोन्ही तट्टे शेजारी दिसतील अशी.