घरातून बाहेर जाणाऱ्या गोष्टींची तयारी

वीज, नळाचे पाणी, गॅस आणि दुकाने यांपैकी काहीही बराच काळ उपलब्ध नसेल तर घर कसे चालवायचे, या विषयावर जे लिहिले-बोलले जाते त्यातला बहुतेक भाग साठ्याविषयी असतो: किती किलो धान्य भरावे, किती बॅटऱ्या ठेवाव्यात, कोणते जनित्र घ्यावे. अशा याद्या मीही आवडीने वाचतो आणि त्या निरुपयोगी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु नळ, तारा आणि दुकाने घरात काय आणून देतात एवढाच विचार त्यांत असतो. घरातून रोज काय बाहेर नेले जाते, याची दखल जवळजवळ कोणीच घेत नाही. मैला, सांडपाणी, कचरा आणि धूर या गोष्टी निमूटपणे बाहेर जात राहतात म्हणून घर राहण्याजोगे असते. ही व्यवस्था थांबली की धान्याचे डबे काठोकाठ भरलेले असूनही कुटुंब आजारी पडते. म्हणून पहिली तयारी बाहेर जाणाऱ्या गोष्टींची करावी, दुसरी पाण्याची आणि अन्नाकडे त्यानंतर वळावे, असे माझे ठाम मत आहे.

या सोयी वेगवेगळ्या वाटल्या तरी एकमेकींच्या आधाराने उभ्या असतात. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ऑन्टारिओ प्रांत येथे मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली, तेव्हा क्लीव्हलँडमध्ये पंप थांबल्याने पाणीपुरवठा कोलमडला आणि न्यूयॉर्कसह काही शहरांत प्रक्रिया न झालेले सांडपाणी थेट जलाशयांत गेले. फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधील कडाक्याच्या थंडीत विजेपाठोपाठ पाणीही गेले. एक कोटीहून अधिक लोकांना पाणी उकळून पिण्याची सूचना मिळाली आणि त्यांतल्या कित्येकांकडे ते उकळण्याचे साधनच चालू नव्हते. सप्टेंबर २०१७ मधील मारिया चक्रीवादळानंतर प्वेर्तो रिकोत शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला जवळजवळ अकरा महिने लागले. युरोपीय आयोगाने मार्च २०२५ मध्ये नागरिकांना किमान ७२ तास स्वतःच्या बळावर निभावता येईल अशी तयारी ठेवण्यास सुचवले. सुरुवात म्हणून हा आकडा योग्य आहे, परंतु ज्या घराला जागा आणि सवड आहे त्याने दोन आठवड्यांचा हिशेब धरावा. तीन दिवस माणूस कसेही ढकलू शकतो. खऱ्या अडचणी चौथ्या-पाचव्या दिवशी सुरू होतात आणि त्यांतली पहिली शौचालयात असते.

या विषयावर सगळ्यांची अळीमिळी गुपचिळी असते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. नाक मुरडणाऱ्यांनी हा भाग ओलांडला तरी चालेल, पण ओलांडू नये. नव्या पद्धतीच्या फ्लशला एका वेळी साधारण सहा लिटर पाणी लागते, जुन्या टाक्यांना त्याहून बरेच जास्त. साठवलेले पाणी अशा रीतीने घालवणे कोणत्याही घराला परवडणार नाही. कपडे धुतलेले पाणी बादलीने ओतून काम भागते हे खरे, पण पुढची मलवाहिनी वाहती असेल तरच. सांडपाण्याची उपसा केंद्रे विजेवर चालतात. ती बंद पडून वाहिनी तुंबली की वरच्या मजल्यांवरून सोडलेले पाणी सर्वांत खालच्या घरातल्या मोरीतून आणि कमोडमधून वर येते. त्यामुळे वाहिनी चालू आहे याची खात्री नसेल तर त्यात काहीही ओतू नये.

आता प्रमाण पाहा. प्रौढ माणूस दिवसाला एक ते दोन लिटर लघवी करतो, तर मैला साधारण पाव किलोच्या आत असतो. चौघांच्या घरात दोन आठवड्यांत मैला फार तर चौदा किलो होईल, लघवी मात्र ५६ ते ११२ लिटर. दुर्गंधी आणि ओल यांचा मोठा वाटा या दोन्ही एकत्र करण्यातून येतो. त्यामुळे दोन वेगळ्या बादल्या ठेवणे ही सर्वांत साधी आणि सर्वांत परिणामकारक युक्ती आहे. लघवीत आठ-दहा पट पाणी मिसळून ती झाडांच्या मातीत किंवा मोकळ्या जमिनीत जिरवता येते, आणि त्यासाठी वापरलेले पाणी चालते. मैल्याच्या बादलीला घट्ट झाकण हवे. आत एकात एक अशा दोन जाड पिशव्या लावाव्यात, तळाशी बोटभर जाडीचा लाकडाचा भुसा, कोरडी माती किंवा चाळलेली राख पसरावी आणि प्रत्येक वापरानंतर मैला पूर्ण दिसेनासा होईल इतके तेच कोरडे द्रव्य वरून टाकावे. येथे हात आखडता घेऊ नये, कारण माशा आणि वास या दोहोंना अडवणारी गोष्ट तीच आहे. म्हणजेच तयारीच्या यादीत कोरड्या भुशाचे एक मोठे पोते असले पाहिजे, आणि ते मी आजवर फार कमी याद्यांत पाहिले आहे. घरात पाश्चात्त्य पद्धतीचा, बसायचा कमोड असेल तर भांड्यातले पाणी काढून, बैठक उचलून, त्यावर पिशवी पसरून पुन्हा बैठक खाली घेता येते. वृद्धांच्या दृष्टीने बादलीवर बसवण्यापेक्षा हे पुष्कळ बरे. ज्यांच्याजवळ जमीन आहे त्यांनी पिशवी न वापरता मैला खड्ड्यात पुरावा, आणि तो खड्डा विहिरीपासून किंवा अन्य जलस्रोतापासून किमान ३० मीटर दूर असावा.

हात धुण्याची सोय बादलीच्या शेजारीच हवी. प्लास्टिकच्या बाटलीच्या झाकणाला तापवलेल्या सुईने चार-पाच भोके पाडावीत, बाटली भरून उलटी टांगावी आणि दाबली की धार पडेल असे करावे. शेजारी दोरीला साबण. खाली घमेले ठेवले की तेच पाणी लघवीत मिसळायला मिळते. जंतुनाशक जेलच्या बाटल्या पुष्कळ लोक भरून ठेवतात, परंतु हात उघड उघड मळलेले असताना जेलचा फारसा उपयोग होत नाही. जुलाबाचे काही जंतू तर त्याला दादही देत नाहीत. साबणाच्या वड्या स्वस्त असतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. लहान मुलांचे डायपर आणि मासिक पाळीचे साहित्य यांचा साठा आणि विल्हेवाट यांचाही हिशेब याच वेळी करून ठेवावा.

पाण्याकडे वळू. पिणे आणि स्वयंपाक यांसाठी माणशी दिवसाला चार लिटर धरले तर चौघांना चौदा दिवसांचे २२४ लिटर होतात, आणि त्यांचे वजन तेवढेच किलो. म्हणून साठा एका प्रचंड पिंपात न करता घरातल्या अशक्त माणसालाही उचलता येतील अशा डब्यांत करावा. अंघोळ, भांडी आणि कपडे धरले तर मानवतावादी मदतकार्यातील स्फिअर मानकांनुसार माणशी दिवसाला किमान १५ लिटर लागतात, म्हणजे त्याच कुटुंबाला ८४० लिटर. एवढे शुद्ध पाणी घरात साठवणे बहुतेकांना शक्य नाही आणि गरजेचेही नाही. पाण्याच्या दोन प्रती माना: पिण्याची आणि वापरण्याची. वापरण्याचे पाणी छतावरच्या पावसाचे, विहिरीचे किंवा तळ्याचे चालेल. गिझरच्या टाकीतले पाणी मात्र चांगले असते. वीजजोड बंद करून आणि टाकी थंड होऊ देऊन ते काढावे. पिण्याचे पाणी ठेवण्याचे भांडे अरुंद तोंडाचे किंवा तोटीचे असावे, कारण शुद्ध केलेले पाणी पुन्हा दूषित होते ते बहुधा त्यात बुडणाऱ्या हातांनी आणि भांड्यांनी. डबे पेट्रोल आणि कीटकनाशके यांच्याजवळ ठेवू नयेत; त्यांची वाफ प्लास्टिकमधून आत शिरते.

पाणी उकळणे हा खात्रीचा उपाय आहे: खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर तीन मिनिटे. परंतु याचा इंधनाशी मेळ घालून पाहावा. २० अंशांचे एक लिटर पाणी उकळीला आणण्यासाठी सुमारे ३३५ किलोज्यूल उष्णता लागते. शेगडीची निम्मी उष्णता वाया जाते असे धरले तर लिटरमागे साधारण १५ ग्रॅम स्वयंपाकाचा गॅस जळतो. चौघांचे रोजचे १६ लिटर उकळायचे तर दिवसाला २४० ग्रॅम गॅस निव्वळ पाण्यावर जातो आणि स्वयंपाक त्याहून वेगळा. म्हणून रोजच्या वापरासाठी मी क्लोरीनला प्राधान्य देतो. सुगंध किंवा साबण न मिसळलेले, पाच ते सहा टक्के सोडियम हायपोक्लोराइटचे ब्लीच लिटरला दोन थेंब टाकून ढवळावे आणि अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी निवळून, फडक्याने गाळून चार थेंब टाकावेत. शेवटी क्लोरीनचा पुसटसा वास यायला हवा. येत नसेल तर तीच मात्रा पुन्हा द्यावी आणि पाव तास थांबावे. द्रवरूप ब्लीचची ताकद उष्णता, उजेड आणि काळ यांनी उतरते, त्यामुळे वर्षानुवर्षे कपाटात पडलेल्या बाटलीवर विसंबू नये. इंधन आणि ब्लीच दोन्ही संपले तर स्वच्छ पारदर्शक, दोन लिटरपर्यंतच्या पेट (PET) प्लास्टिकच्या बाटल्यांत निवळलेले पाणी भरून कडक उन्हात सहा तास, आणि आभाळ भरलेले असल्यास सलग दोन दिवस आडवे ठेवावे. यांपैकी कोणताही उपाय पाण्यातली रसायने काढत नाही, हे मात्र ध्यानात असावे.

बाहेर जाणाऱ्या गोष्टींत धूरही येतो. अडचणीच्या काळात माणसे घराच्या आत कोळसा पेटवतात, बंद गॅलरीत जनित्र चालवतात आणि कार्बन मोनॉक्साइडला बळी पडतात. टेक्सासमध्येही २०२१ च्या त्या दिवसांत हेच घडले. या वायूला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. जनित्र घरापासून किमान सहा मीटर दूर, उघड्यावर आणि त्याचे धुराडे दारेखिडक्यांपासून वळवलेले असावे; ज्यांना हे शक्य नाही त्यांनी ते घेऊच नये. घेतलेच तर घराच्या वीजजोडणीला अदलाबदलीच्या स्विचशिवाय जोडू नये, नाहीतर वीज उलटी तारांत जाऊन दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा जीव जातो. खरे सांगायचे तर बहुतेक घरांना दिवे, फोन आणि रेडिओ एवढ्यापुरतीच वीज पुरते, आणि ते काम एक लहान सौर पॅनेल निमूटपणे करते. स्पेन आणि पोर्तुगाल २८ एप्रिल २०२५ रोजी अंधारात गेले तेव्हा मोबाइल जाळी आणि कार्डाने पैसे देण्याची सोय ठिकठिकाणी ठप्प झाली. सुट्या नोटा आणि बॅटरीवरचा रेडिओ यांची किंमत त्या दिवशी पुष्कळांना कळली.

अन्नाविषयी इतरत्र भरपूर सांगितले जाते, म्हणून मी मोजकेच लिहितो. माणशी रोज अर्धा किलो धान्य-कडधान्य आणि ४० ग्रॅम तेल यांतून सुमारे २,१०० किलोकॅलरी मिळतात. चौघांना दोन आठवड्यांसाठी २८ किलो आणि सव्वादोन किलो. हा साठा घरात नेहमी खाल्ल्या जाणाऱ्या जिनसांचाच असावा आणि जुने आधी वापरून नवे मागे ठेवावे. पॉलिश न केलेला तांदूळ अधिक पौष्टिक असला तरी त्याच्या कोंड्यातल्या तेलामुळे तो लवकर खवट होतो, हे साठवताना विसरू नये. कडधान्ये रात्रभर भिजवून, उकळी आणून, भांडे गोधडीत गुंडाळून ठेवले तर इंधन खूप वाचते. मात्र राजम्याला आधी दहा मिनिटे पूर्ण उकळी मिळालीच पाहिजे, कारण मंद आचेवर त्यातले विषारी द्रव्य नष्ट होत नाही. फ्रिज उघडला नाही तर सुमारे चार तास आणि गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास थंडावा धरतो. त्यानंतर उरलेसुरले टिकणार नाही, म्हणून एका जेवणाला पुरेल इतकेच शिजवावे. उरलेले अन्न म्हणजे कचरा, कचरा म्हणजे उंदीर, आणि कचरा नेणारे कोणीही येणार नाही. ओला कचरा पुरण्याची आणि कोरडा कचरा दाबून बंद डब्यात ठेवण्याची जागा म्हणूनच आधी ठरलेली असावी.

औषधांचा महिनाभराचा साठा डॉक्टरांना विचारून ठेवावा. इन्सुलिनसारखी औषधे बाहेरच्या तापमानात किती दिवस चालतात हे आत्ताच माहीत करून घ्यावे. क्षारसंजीवनीची पाकिटे नसतील तर एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण भिंतीवर लिहून लावावे. येथे चमचा म्हणजे लहान, चहाचा. मीठ जास्त झाल्यास अपाय होतो, त्यामुळे अंदाजाने टाकू नये.

तयारी गुप्त ठेवावी, शेजाऱ्याला कळू देऊ नये, असा सल्ला देणारा एक पंथ आहे, आणि तो मला पटत नाही. तांदळाचा डबा लपवता येतो. सामाईक मलवाहिनी लपवता येत नाही. वरच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने फ्लश ओढणे थांबवले नाही तर तळमजल्यावरचे सर्वांत सज्ज घरही बुडते. म्हणून पाणी कधी सोडायचे नाही, मुख्य झडपा कोण बंद करणार, खड्डा कोठे खणायचा आणि पिशव्या कोठे साठवायच्या, हे एका जिन्यावरच्या सर्व घरांनी एकत्र बसून ठरवणे भाग आहे. मोकळी जमीन असलेल्या घरांसाठी हे तुलनेने सोपे असते. ज्या वाचकांनी उंच इमारतीत, अंगणाशिवाय, आठवडाभर किंवा अधिक काळ ही वेळ निभावली असेल त्यांनी मैल्याच्या पिशव्यांची बंद पिंपे कोठे ठेवली, वासावर काय केले आणि व्यवस्था पूर्ववत झाल्यावर त्यांचे पुढे काय झाले, हे प्रतिक्रियांत सविस्तर लिहावे.