‘बट’वर लाल फुली

इंग्रजीत ‘बट’ने वाक्य सुरू करायला बंदी कोणी घातली, ते मला एकदा कळू द्या. संध्याकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून इथे लिहितेय.

भाची सातवीत आहे, भांडुपला राहते. निबंध होता पावसावर. कुर्ल्याला रुळांवर पाणी, गाडी अडकलेली, ताई आणि ती कशाबशा भांडुपला उतरल्या. पुढे पोरीने लिहिलं: ‘माय फादर केम टू द स्टेशन. बट ही हॅड ओन्ली वन अंब्रेला. सो ही गॉट वेट.’ बस. तीन वाक्यांत अख्खा बाप उभा केला की हो तिने!

बाईंनी ‘बट’वर फुली मारून वर लिहिलं ‘हाउएव्हर’. ‘सो’वर फुली, वर ‘कॉन्सिक्वेंटली’. कॉन्सिक्वेंटली ही गॉट वेट! बाप भिजलाय की सोसायटीने थकबाकीची नोटीस काढलीय? शिवाय वहीत एक झेरॉक्स चिकटवलेली. मोरओव्हर, फर्दरमोर, नेव्हर्दलेस, इन ॲडिशन... प्रत्येक परिच्छेदात किमान तीन वापरा म्हणे.

अहो, 1611 सालचं इंग्रजी बायबल उघडा. पहिल्या अध्यायातलं पहिलं वचन सोडलं, तर पुढचं प्रत्येक वचन ‘अँड’ने सुरू होतं. एकच नाही होत, ते ‘सो’ने होतं! आणि ज्या ‘हाउएव्हर’चं एवढं कौतुक, ते उभयान्वयी अव्यय नाहीच, क्रियाविशेषण आहे. स्वल्पविराम देऊन त्याने दोन वाक्यं जोडता येत नाहीत, आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम लागतो. यादीत मात्र ते ‘बट’च्या शेजारी, जणू एकाच्या जागी दुसरं खुशाल बसवा. ‘मोरओव्हर’ तर युक्तिवादात मुद्द्यावर मुद्दा चढवायला असतं. छत्रीच्या गोष्टीत त्याचं काय काम?

लहान मुलांना सुरुवातीला यादी लागते, मान्य. नाहीतर सगळी वाक्यं ‘अँड देन, अँड देन’ करत पळतात.

बाईंवरही फार रागवावंसं वाटत नाही आता. घरी वह्यांचा ढीग घेऊन बसत असतील. शाळेच्या ग्रुपवर मागे मेसेज आला होता, ‘ऑल्दो स्कूल इज क्लोज्ड, बट ऑफिस विल बी ओपन.’ ऑल्दो आलं की बट नको. पण जरी-तरीवर वाढलेल्या आपल्या सगळ्यांकडूनच होतं ते, मी कशाला हसू? फक्त शाळेला स्वतःचा जास्तीचा ‘बट’ चालतो आणि पोरीचा अगदी जागेवरचा ‘बट’ खुपतो, हे कसं?

राग खरा त्या क्लासवाल्यांवर आहे. आयईएलटीएसमध्ये, म्हणजे परदेशी जाणाऱ्यांच्या त्या इंग्रजीच्या परीक्षेत, लेखनाचे पाव गुण मांडणी आणि वाक्यांच्या सांधेजोडीला असतात, म्हणून या याद्या छापून फिरवायच्या. त्याच परीक्षेच्या निकषांत जोडशब्दांचा अतिरेक पाचव्या बँडला (गुणांच्या पायरीला) ठेवलाय, आणि सगळ्यात वरच्या, नवव्या बँडला सांधा जवळजवळ लक्षातच येऊ नये अशी अपेक्षा आहे. ते कोण वाचतो? फी घेतली की झालं.

भाचीने मला विचारलं, ‘मावशी, बट चुकीचं असतं का गं?’ मी तिला जोडशब्द बोटाने झाकायला सांगितला. आता सांग, या दोन वाक्यांचं एकमेकांशी काय आहे? लगेच म्हणाली, ‘आम्ही तिघं आणि छत्री एक.’ मग बाईंनी निबंधात मध्येच घातलेल्या ‘फर्दरमोर’वर बोट ठेवलं. बराच वेळ बघत बसली, काही सांगता येईना. कुठून येणार, तिथे संबंधच नव्हता.

शनिवारी ओपन डे आहे. ताईने आत्ताच फोन करून सांगितलंय, तू येऊ नकोस.