थंड पडलेल्या कासेला लेप पुरत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

शेळीच्या काससुजीवर मी लिहिलेल्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया आली, ती दोनदा वाचली. तुम्ही तीस वर्षं शेळ्या सांभाळताय. दगडी झाली, म्हणजे कास सुजून घट्ट झाली, की कोरफड-हळद-चुन्याचा लेप लावता आणि बहुतेक शेळ्या बऱ्या होतात. मी मात्र लोकांना घाबरवून डॉक्टरच्या दारात उभं करतो, असा तुमचा राग आहे. गाईच्या सडात सोडायची औषधाची ट्यूब शेळीच्या दोन सडांत अर्धी-अर्धी सोडली तर काय बिघडतं, आजारी शेळीचं दूध करडांना पाजलं तर काय होतं, असंही विचारलंत. शेवटी लिहिलंत की आत्ताही एका शेळीची एक बाजू दोन दिवसांपासून घट्ट आहे आणि लेप चालू आहे. त्या शेवटच्या ओळीमुळेच आज हातातली कामं बाजूला ठेवून लिहायला बसलो.

आधी माझी चूक कबूल करतो. 'लेप लावत बसू नका' असं मी एका ओळीत उडवून लावलं होतं. तसं लिहायला नको होतं. आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळानेच हा लेप गाई-म्हशींसाठी गावोगाव शिकवला आहे. 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना एकत्र वाटायचं, लालसर लगदा होतो. त्यातला थोडा पाण्यात पातळ करून कास धुऊन, पूर्ण पिळून मग लावायचा, दिवसातून दहा वेळा, पाच दिवस. आपल्याकडे तो सकाळी एकदा थापतात आणि संध्याकाळी वाळलेला खरवडतात. माझ्या मते त्या दहा वेळा पिळण्यातच निम्मा गुण आहे, कारण घाण दूध कासेत साठून राहत नाही.

पण 'दगडी' हा एक शब्द आपण किती आजारांना वापरतो ते बघा. नुकत्याच व्यालेल्या शेळीची कास दोन्हीकडून टणक असते, दूध स्वच्छ असतं, शेळी चारा खाते. ती विण्याची सूज असते, आपोआप उतरते. सौम्य जंतुसंसर्गात दुधात चार गुठळ्या येतात, तोही पुष्कळदा नीट पिळत राहिलं की जिरतो. तिसरा प्रकार सीएई या विषाणूचा. त्यात कास दगडासारखी होते आणि दूधच उतरत नाही, त्यावर कोणतंही औषध नाही. पहिल्या दोन्हींत लेप लावला की लेपाने बरं झालं असं वाटतं. मलाही वाटायचं.

चौथा प्रकार मी दोन वर्षांपूर्वी पाहिला. पहिलटकरीण संगमनेरी शेळी, व्याल्याला बारा दिवस झालेले. संध्याकाळी मागचा पाय ओढत घरी आली. काटा मोडला असेल म्हणून खूर तपासला, कासेला हातच लावला नाही. सकाळी डावी बाजू थंडगार, निळसर. पिळलं तर पातळ लालसर पाणी आलं. मी लेप वाटला आणि दुपारपर्यंत लावत राहिलो. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ती गेली. दोन करडं बाटलीवर वाढवली.

हा सडका कासदाह. बहुतेक वेळा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जंतूमुळे होतो. त्याच्या विषाने कासेतल्या रक्तवाहिन्या बंद पडतात, मांस मरतं आणि विष अंगभर पसरतं. जिथे रक्तच पोहोचत नाही तिथे बाहेरचा लेपही पोहोचत नाही आणि सडातली ट्यूबही पुरत नाही. तिथे अँटिबायोटिकचं इंजेक्शन, सलाईन आणि वेदनाशामक लागतं, तेही तासांच्या हिशेबात. अशा वेळी कास वाचवायची नसते, शेळी वाचवायची असते. वाचली तर ती बाजू पुढे काळी पडून गळते किंवा डॉक्टर काढतात. शेळीला दोनच बाजू, पण उरलेल्या एका बाजूवरही ती एक करडू पोसू शकते.

वेदनाशामकावरून आठवलं. तुम्ही डायक्लोफेनॅक टोचल्याचं लिहिलंत. जनावरांसाठी ते 2006 पासून बंद आहे, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. आपल्या डोंगरांवरची गिधाडं दिसेनाशी झाली त्यामागे हेच औषध आहे. डॉक्टरांना मेलॉक्सिकॅम मागा.

आता ट्यूब. अर्धी या सडात सोडून तेच टोक दुसऱ्या सडात घातलं की आजारी बाजूचे जंतू आपण स्वतः चांगल्या बाजूत नेऊन ठेवतो. डॉक्टरांनी ट्यूब सांगितली असेल तर एका सडाला एक, आणि फक्त आजारी बाजूला. आधी कास पूर्ण पिळा, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसा, आणि नळी पूर्ण आत न खुपसता फक्त टोक घाला, कारण शेळीचं सडाचं छिद्र नाजूक असतं. दुसऱ्या दिवशी दूध पांढरं दिसलं म्हणून सांगितलेले दिवस अर्ध्यावर सोडू नका.

आजारी शेळीचं दूध करडांना पाजू नका, जमिनीवरही पिळू नका, त्यातले जंतू गोठ्यातच राहतात. भांड्यात काढून लांब खड्ड्यात पुरा. औषध चालू असताना आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस घरातही वापरू नका. आजारी शेळीची धार सगळ्यात शेवटी काढा.

डॉक्टर वेळेवर येत नाहीत, ही तुमची तक्रार खरी आहे. माझ्याही वस्तीवर हीच गत. 1962 या जनावरांच्या सरकारी मदत नंबरवर फोन लावा, गावात पशुसखी (जनावरांच्या उपचारांचं प्रशिक्षण घेतलेली गावातली बाई) असेल तर तिला बोलवा. आणि पहिलं इंजेक्शन टोचायच्या आधी दुधाचा नमुना काढून ठेवा: सड धुऊन, पुसून, पहिल्या दोन-तीन धारा सोडून, निर्जंतुक बाटलीत थोडं दूध, बर्फावर. तो तालुक्याच्या दवाखान्यातून प्रयोगशाळेत गेला तर कोणतं औषध त्या जंतूला लागू पडतं ते कळतं. टोचल्यावर काढलेल्या नमुन्यात बहुतेकदा काही सापडत नाही.

आता तुमची शेळी. हे वाचून झालं की लगेच गोठ्यात जा. हाताची मागची बाजू आधी चांगल्या बाजूला लावा, मग घट्ट बाजूला. गरम आणि दुखरी असेल, शेळी खात असेल, तर लेप चालू ठेवा, दर दोन तासांनी पिळा आणि आज दिवस मावळायच्या आत डॉक्टरांना दाखवा. थंड असेल, रंग बदलला असेल किंवा शेळी पाय ओढत असेल, तर वाट न बघता गाडी करून दवाखान्यात न्या. काय आढळलं ते इथेच लिहा, मी रात्री उशिरापर्यंत जागा आहे.