वीसची चिठ्ठी

मे महिन्यात जळगावात ‘पंखा बंद कर’ म्हणणाऱ्याला मित्र राहत नाहीत, आणि पंखा चालू ठेवून कागदावर पात्रं लिहून खेळायचा गोष्टीचा खेळ होत नाही. बाहेर ४५ अंश, आणि आत योद्ध्याचा कागद कुलरच्या जाळीला चिकटलेला, मांत्रिकाचा दिवाणाखाली. म्हणून प्रत्येकाने परीक्षेचं पॅड आणायचं, चिमट्यासकट. पेन नको, पेन्सिलच. पात्रात किती प्राण उरलाय त्याचे आकडे दर पाच मिनिटांनी खोडावे लागतात.

या खेळांचा मूळपुरुष ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, १९७४ साली अमेरिकेत निघालेला. एक जण गोष्ट सांगतो, त्याला आम्ही मास्तर म्हणतो. बाकीचे चार-पाच आपापलं पात्र काय करतं ते सांगतात आणि जमलं की फसलं ते फासा ठरवतो. फासे ४, ६, ८, १०, १२ आणि २० बाजूंचे. वीसवाला टाकायचा, त्यात पात्राच्या गुणाचा आकडा मिळवायचा, मास्तरने ठरवलेला आकडा गाठला की जमलं. फासे स्टीलच्या परातीत टाकावेत, तळाशी टॉवेल अंथरून. नुसत्या परातीत टाकलेत तर शेजारच्या काकू डोकावतात.

वीसवाला फासा नसेल तर डब्यात १ ते २० च्या चिठ्ठ्या घाला. पण काढलेली चिठ्ठी परत टाकायची! इथेच माती होते. वीसची चिठ्ठी येते, जल्लोषात ती कोणाच्या तरी मुठीत राहते, आणि पुढचा तासभर १९ चिठ्ठ्यांवर सगळे नशिबाला शिव्या देतात.

मास्तरचे हाल तर विचारू नका. गोष्टीसाठी ड्रॅगनचा डोंगर कशाला, धुळ्याजवळचा लळिंग किल्ला घ्या. खानदेशच्या फारुकी सुलतानांचा आहे, पाण्याची टाकी आहेत, भुयार आपल्या पदरचं घालता येतं. फक्त भुयाराचा पत्ता एकाच म्हाताऱ्याला ठाऊक, असं कधी लिहू नका. खेळाडू म्हाताऱ्याशी बोलतच नाहीत. ते पायथ्याशी दोरखंडाच्या भावावरून घासाघीस करत बसतात. मास्तर विचारतो, ‘काय करस रे भो?’ उत्तर येतं, ‘आधी दहा रुपये कमी कर.’ म्हणून महत्त्वाचा सुगावा तीन ठिकाणी पेरावा: म्हाताऱ्याकडे, शिलालेखात आणि नाइलाजाने दोरखंडवाल्याकडेही.

मास्तरच आला नाही, तर संगणकावरचा शब्दांचा खेळ काढायचा. विल क्राउदर आणि डॉन वुड्स यांचा १९७०च्या दशकातला ‘ॲडव्हेंचर’ त्यांतला आद्य. चित्र एकही नाही. गुहेचं वर्णन वाचायचं आणि ‘गेट लॅम्प’ असा एक-दोन शब्दांचा हुकूम टाइप करायचा. लांबलचक वाक्य लिहिलंत तर त्याला कळत नाही. चौघांत खेळताना एकाने टाइप करावं, एकाने चौकटीच्या वहीत नकाशा काढावा, उरलेल्या दोघांनी भांडावं. भूलभुलैयात उत्तरेला जाऊन दक्षिणेला वळलं तरी मूळ जागा सापडेलच असं नाही. मग प्रत्येक खोलीत पिशवीतली एकेक वस्तू टाकत जायची. किल्ल्या दिसल्या की ही पहिली खोली, पिंजरा दिसला की दुसरी. फक्त दिवा टाकू नका, पेटता जवळच ठेवा. मागे ठेवलात किंवा विझवलात तर अंधारात खड्ड्यात पडाल. दिव्याचे सेलही संपतात, आणि नेमके त्याच सुमारास आमच्याकडे लाइट जाते.

शेवभाजी मात्र खेळ संपल्याशिवाय आणू देऊ नका. तर्रीचा एक थेंब पडला की कागद आरपार दिसतो आणि मास्तरच्या पाठकोऱ्या कागदावरचा पुढचा राक्षस सगळ्यांना आधीच कळतो.

रात्री साडेदहाला घरातली म्हातारी माणसं हमखास विचारतात, ‘जिकनं कोन?’ या खेळात कोणी जिंकत नसतं, हे त्यांना समजावण्यात अर्थ नाही. ‘सगळे अजून टाक्यात अडकलेत,’ एवढंच सांगावं.

‘मग भाकरी टाकू की नको?’