सिरॉसिसमध्ये प्रथिनं बंद का करू नयेत: एका प्रतिक्रियेला उत्तर

सविस्तर प्रतिक्रियेबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं, की अमोनिया प्रथिनांतून बनतो, तो मेंदूला चढून माणूस गोंधळतो, मग सिरॉसिसच्या, म्हणजे यकृत घट्ट होऊन निकामी होत चाललेल्या रुग्णाला प्रथिनं द्या म्हणणं घातक आहे. शिवाय तुमच्या वडिलांना लॅक्टुलोज (शौच साफ करून अमोनिया कमी करणारं सिरप) चालू असूनही फरक नाही, आणि रक्तातल्या अमोनियाची तपासणी रोज करा असं मी का लिहिलं नाही, असं तुम्ही विचारता.

प्रथिनं बंद करायची पद्धत जुनी आहे आणि हट्टीही. यकृत थकलं की अमोनिया निकामी करायचं बरंचसं काम स्नायूंवर येतं, तिथे त्याचं ग्लुटामिन होतं. प्रथिनं बंद केलीत की शरीर तेच स्नायू झिजवतं. म्हणून सूज आणि पोटातलं पाणी वजा जाता जे वजन उरेल, त्याच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.5 ग्रॅम प्रथिनं हवीत. मांस सोसत नसेल तर दुधातली आणि वनस्पतिजन्य घ्या. रात्री झोपण्यापूर्वीही थोडं खायला द्या, लांबलेला उपास स्नायूंना महागात पडतो.

लॅक्टुलोजचा डोस चमच्यांनी नव्हे, शौचाने मोजतात. दिवसाला 2 ते 3 वेळा मऊ शौच झाली पाहिजे. तुम्ही लिहिलेले दोन वेळचे 15 मिली बहुधा कमी पडताहेत. 30 मिली दिवसातून तीनदा हाही नेहमीचाच डोस आहे, डॉक्टरांना विचारून वाढवा. मात्र पाण्यासारखे जुलाब लागले तर लगेच कमी करा. अंगातलं पाणी आटतं, सोडियम बिघडतं आणि गोंधळ उलट वाढतो. लॅक्टुलोजवर असूनही गोंधळाचा झटका परत आला, तर सोबत रिफॅक्सिमिन हे आतड्यात काम करणारं प्रतिजैविक 550 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात.

गोंधळ वाढला तर जेवणाला दोष देण्याआधी संशय घ्यावा तो बद्धकोष्ठ, संसर्ग, डांबरासारखी काळी शौच (म्हणजे आत रक्तस्राव), झोपेची गोळी आणि लघवीच्या गोळ्यांचा अतिरेक यांवर. शेवटच्यात पोटॅशियम घटतं आणि मूत्रपिंडच जास्त अमोनिया बनवू लागतं.

तपासणीचं म्हणाल, तर दंडाला पट्टा घट्ट बांधला, मूठ आवळली किंवा नमुना बर्फाविना पडून राहिला, तरी आकडा चढतो. गोंधळाची तीव्रताही त्यावरून कळत नाही. आकडा नॉर्मल आला तर मात्र उपयोग आहे: रक्तातली साखर घटणं, डोक्याचा मार असं गोंधळाचं दुसरं कारण शोधायला हवं. घरी रोज पाहायचं ते वेगळं. दिवसा झोप आणि रात्री जाग, हात पुढे करून मनगटं मागे वाकवली की पंजांची फडफड, आणि एका मिनिटात प्राण्यांची किती नावं सांगता येतात ते.

हाक मारून नीट जाग येत नसेल, तर तोंडात सिरप ओतू नका, ते फुप्फुसात जातं. सरळ रुग्णालय गाठा. तिथे लॅक्टुलोजचा एनिमा देता येतो.