दीपनगरचा धूर आणि गाडीची वायर : अमळनेरच्या दादांना उत्तर

राम राम दादा,

प्लग-इन हायब्रिडचं, म्हणजे वायर लावून चार्ज होणारी बॅटरी आणि पेट्रोल इंजिन दोन्ही असलेल्या गाडीचं, मी केलेलं कौतुक तुम्हाला पटलं नाही. भुसावळजवळच्या दीपनगरला कोळशावरचं वीज केंद्र आहे; त्यावरून तुम्ही लिहिलंत, "दीपनगरले कोळसा जाळीसन गाडी चार्ज करी, म्हणजे धूर आठून तठे गया, इतलंच. आणि वायर रोज लावणार कोण?"

आधी कोळसा. मी रोज जळगाव-भुसावळ करतो, जाऊन-येऊन साधारण 55 किलोमीटर. लिटरला 15 धरले तर पावणेचार लिटर पेट्रोल जळतं, म्हणजे साडेआठ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड. तेवढंच अंतर बॅटरीवर कापायला 11 युनिट लागली आणि देशातल्या विजेच्या सरासरीने युनिटमागे 700 ग्रॅम धरले, तर पावणेआठ किलो. फरक थोडाच आहे, कबूल. दीपनगरच्या आजूबाजूची गावं राख सोसतात, तेही विसरून चालणार नाही. पण पेट्रोलचं इंजिन भंगारात जाईपर्यंत पेट्रोलच पिणार. वीज तशी राहत नाही. साक्री तालुक्यात 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प कधीचा सुरू आहे, आणि मे महिन्यात आपल्याला भाजून काढणारं ऊन घराच्या छतावरही उतरवता येतं. गाडी तीच, धूर मात्र दरवर्षी कमी.

वायरीचा मुद्दा मी आधीच लिहायला हवा होता. युरोपियन कमिशनने 2024 मध्ये प्रत्यक्ष रस्त्यावरचे आकडे काढले, तेव्हा प्लग-इन गाड्यांचं उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या साडेतीन पट निघालं. लोक चार्जच करत नव्हते, हे त्याचं मोठं कारण. चार्ज न करता फिरवली तर ती जड बॅटरी वाहणारी पेट्रोल गाडीच. म्हणून माझं म्हणणं आता नेमकं करतो: ज्याच्या दारात सॉकेट आहे, रोजची धाव 50-60 किलोमीटरच्या आत आहे आणि महिन्यातून एखादी पुण्याची खेप असते, त्यालाच ती उपयोगाची. रात्री वीज गेली तरी सकाळी त्याचं काम अडत नाही.

ही गाडी महाग पडते, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर. आपल्याकडे प्लग-इन म्हणजे बहुतेक महागड्याच गाड्या. इलेक्ट्रिकला 5 टक्के जीएसटी आणि हिला कितीतरी पट, हे मला पटत नाही.

तुम्ही रोज अमळनेर-धुळे करता, दोन्हीकडून मिळून पाऊणशेच्या आसपास. धुळ्यात दिवसा चार्जिंगची सोय नसेल तर परतीचा बराच रस्ता पेट्रोलवरच जाईल. लांबच्या प्रवासाला घरात दुसरी गाडी असेल, तर तुम्ही सरळ इलेक्ट्रिकच घ्या.