त्रिकोणाची तिसरी बाजू

दोन लहान विमानतळांमधले अंतर 310 किलोमीटर असून विमानाने 53 मिनिटे लागतात, असे मला एका संकेतस्थळाने सांगितले आणि मी भाबडेपणाने त्यावर विसंबलो. तेच अंतर तिथे 193 मैल आणि 167 सागरी मैल असेही दिले होते. त्यांतला सर्वांत लहान आकडा मला साहजिकच आवडला आणि पत्नीला मी तोच ऐकवला. "ते असू दे, पण सरळ विमान आहे का?" एवढेच तिने विचारले.

सरळ विमान नव्हते. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, 6,371 किलोमीटर त्रिज्येच्या गोलावर त्यांना जोडणारा सर्वांत लहान कंस काढायचा, त्याला ताशी 800 किलोमीटर वेगाने भागायचे आणि उड्डाण-अवतरणासाठी वर अर्धा तास टाकायचा, असे ते गणित होते. त्या वाटेने कोणी विमान नेते की नाही, याच्याशी गणिताला कर्तव्य नव्हते. प्रत्यक्षात मला आधी 420 किलोमीटर भलत्याच दिशेला, एका मोठ्या विमानतळावर जायचे होते आणि तिथून 510 किलोमीटर परत खाली यायचे होते. त्रिकोणाच्या दोन बाजूंची बेरीज तिसरीपेक्षा मोठी असते, हे शाळेत मी निमूटपणे पाठ केले होते; तो द्राविडी प्राणायाम पुढे तिकीट काढून करावा लागेल, याची कल्पना नव्हती.

पहाटे सहाला घर सोडले. विमान एटीआर 72 जातीचे, पंख्यांचे, म्हणजे ताशी 500 किलोमीटरच्या आसपास जाणारे. 800चा हिशेब तिथेच बुडाला. या विमानात प्रवासी शेपटीकडच्या दाराने चढतात आणि पंख छताला जोडलेले असल्यामुळे खिडकीतून थेट चाके दिसतात. धावपट्टी सुटल्यावरही ती क्षणभर गरगरत होती, मग एकदम थांबली आणि पोटात ओढली गेली. त्या दिवशी जे काही वेळेवर झाले, ते एवढेच.

मोठ्या विमानतळावर उतरताच "आपण दहा मिनिटे लवकर पोहोचलो आहोत" अशी घोषणा झाली. वेळापत्रकातली वेळ जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर थांबेपर्यंतची असते आणि तीत उशिराची तरतूद आधीच केलेली असते, हे शेजाऱ्याने मला समजावून सांगितले. त्याला भरपूर अवधी मिळाला, कारण आमची उभी राहण्याची जागा रिकामी नसल्याने लवकर पोहोचलेले आम्ही पंधरा मिनिटे तसेच बसून होतो.

पुढच्या विमानाला चार तास होते. त्यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

दुपारी सव्वाचारला यजमानांच्या दारात पोहोचलो. घर सोडून सव्वादहा तास झाले होते आणि त्यांतले हवेत जेमतेम दोन. "मिनिटं त्रेपन्न म्हणाला होतास ना?" असे त्यांनी दारातच विचारले.

रात्री परतीसाठी पुन्हा तेच संकेतस्थळ उघडले आणि दोन्ही विमानतळांची नावे उलट क्रमाने टाकली. जाताना वारा समोरून असेल तर येताना पाठीशी असणार, निदान काही मिनिटांचा तरी फरक पडेल, अशी माझी आशा होती. अंतर 310 किलोमीटर, वेळ 53 मिनिटे. बॅग मात्र त्या क्षणी अजून मोठ्या विमानतळावरच होती.